खुराक पैलवानाचा, पण स्वयंवराचा

४ मे २०२४ रोजी गुगलच्या पहिल्या पानावर एका पैलवान बाईचं चित्र झळकलं आणि हमीदा बानू हे नाव अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. भारतातली पहिली व्यावसायिक महिला कुस्तीगीर अशी तिची ओळख सांगितली जाते. जन्म उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा, तालीम अलीगढला सलाम पैलवानांकडे. पण तिच्या नावाचा सगळ्यात मोठा गाजावाजा झाला, आणि सगळ्यात जास्त अडवणूकही झाली, ती त्या वेळच्या मुंबई राज्यात. मुंबई, पुणे, बडोदा ही तिन्ही शहरं तेव्हा एकाच राज्यात होती.

गंमत अशी की तिच्याबद्दल वाचायला घेतलं की डावपेचांची माहिती जवळजवळ मिळतच नाही. ढाक मारायची की धोबीपछाड, कशावर तिची पकड होती, काही कळत नाही. मिळतात ते आकडे. वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन मोठे पाव, वर दोन ताटं बिर्याणी. झोप ९ तास, मेहनत ६ तास. वर्तमानपत्रांनी तिला ‘अलीगढची अमेझॉन’ (अमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणकथांतली लढवय्यी बाई) करून टाकलं होतं. हे सगळं खरोखर पोटात जात होतं का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. पुरुष पैलवानाचा खुराकही असाच फुगवून सांगायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ‘अमका पैलवान इतके शेर दूध प्यायचा’ या गोष्टी गावोगावच्या पारावर अजून चालतात. हमीदाची जाहिरात करणाऱ्यांनी तोच साचा उचलला आणि बाईला बसवला.

एवढ्यावर तिकिटं खपली नसती बहुतेक. मग फेब्रुवारी १९५४ मध्ये दुसरा तुकडा जोडला गेला : जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. हा तर स्वयंवराचा पण! फरक इतकाच, की धनुष्यही तीच आणि वधूही तीच. एकाच फलकावर एक अंग निव्वळ पैलवानाचं आणि दुसरं निव्वळ नवरीचं. लोकांना दोन्ही हवं होतं. शक्ती बघायची होती, पण ती शेवटी कुणाच्या तरी घरात नांदायला जाणार आहे ही खात्रीही हवी होती. या आव्हानाकडे प्रेमकथा म्हणून बघणारे लेख मला पटत नाहीत. फड भरवणाऱ्यांचं गणित त्यात स्वच्छ दिसतं.

पटियाळ्याचा आणि कलकत्त्याचा असे दोन मल्ल हरले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे आधी ठरलेल्या छोटे गामा पैलवानांनी ऐन वेळी माघार घेतली. बाईशी लढणार नाही म्हणाले. त्यांच्या जागी बाबा पैलवान उतरले आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाले. तोवर आपण तीनशेवर कुस्त्या मारल्याचा तिचा दावा होता.

छोटे गामांच्या नकाराला नुसता गर्व म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे तालमीचा अख्खा संस्कार आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, गल्लोगल्ली तालमी झाल्या. तालमीत मारुती असतो, लाल माती असते आणि ‘लंगोटाचा पक्का’ हे पैलवानाला मिळणारं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र असतं. म्हणजे पैलवानाचं पुरुषत्व बाईपासून लांब राहण्यावर मोजलं जायचं. अशा हौदात बाई उतरली, तर तिला पाडणं हा पराक्रम ठरत नाही आणि तिच्याकडून पडलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. समोरच्या मल्लाचं दोन्हीकडून नुकसान.

बाईची ताकद बघायची सवय मराठी प्रेक्षकाला नव्हती असं मात्र नाही. विष्णुपंत छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस १८८० च्या सुमाराची. झुल्यावरच्या, जनावरांच्या खेळातल्या बायका लोकांनी पैसे मोजून पाहिल्या होत्या. पण सर्कशीतली बाई पुरुषाला पाडत नाही.

म्हणून हमीदा जिंकली की शंका कुस्तीवरच यायची. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘नुरा कुस्ती’, आधीच ठरवून केलेली. एका पुरुष मल्लाशी झालेल्या लढतीनंतर प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर असं, की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यासमोर बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

ही तक्रार खोटीच असेल असं मी म्हणणार नाही. पैशाच्या कुस्तीत नुरा होत असे, पुरुषांतही होत असे. पण पुरुषाची एखादी कुस्ती नुरा ठरली तर ती कुस्ती बदनाम व्हायची. हिच्या बाबतीत अख्खी कारकीर्दच संशयावर टांगली गेली. त्यात तिला तोलामोलाची बाई प्रतिस्पर्धी मिळणं मुश्कील. १९५४ मध्येच मुंबईत तिने ‘रशियाची अस्वलीण’ म्हणून गाजवलेल्या वेरा चिस्तिलिनला मिनिटभराच्या आत पाडलं आणि युरोपात जाऊन लढण्याची घोषणा केली.

त्यानंतर ती वर्तमानपत्रांतून जवळजवळ नाहीशी झाली. पुढचं जे कळतं ते घरच्यांच्या आठवणींतून. युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी तिला मारहाण केली, हात मोडले, असं घरचे सांगतात. उरलेलं आयुष्य कल्याणला गेलं : दुधाचा धंदा, काही खोल्यांचं भाडं, आणि तेही पुरेना तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकणं. १९८६ मध्ये ती वारली.

तिच्यानंतरचा रस्ता मॅटवरून गेला. महिलांची जागतिक कुस्ती स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली, ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती २००४ ला आली. बाईसमोर बाई, वजनगट ठरलेला, गुण पंच मोजणार. नुरा-बिराची कुजबुज आपोआप मागे पडली आणि लग्नाच्या पणाची गरजही. आकड्यांनी मात्र पाठ सोडली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली. रात्रभर वजन उतरवण्याची धडपड झाली, त्यात तिचे केसही कापले, तरी सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. हमीदाचे १०८ किलो तिकिटं खपवायला छापले गेले होते; इथे १०० ग्रॅमनी पदक गेलं.

महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र केसरी’ पुरुषांसाठी १९६१ पासून आहे. महिलांची पहिली स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडला. सांगलीत अंतिम कुस्ती झाली ती सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील यांच्यात. प्रतीक्षा जिंकली आणि तिने चांदीची गदा खांद्यावर घेतली.