तरुणांचं मत घेणं आणि त्यांना वाटा देणं

समजा, वस्तीतलं एक सार्वजनिक मैदान नव्यानं करायचं ठरलं आहे. चौदा ते बावीस वयाच्या तीस मुलामुलींना एका दुपारी बोलावलं जातं. भिंतीवर आराखडा लावलेला, टेबलावर रंगीत चिठ्ठ्या आणि पेनं. ‘तुम्हाला इथे काय हवंय ते लिहा.’ मुलं मन लावून लिहितात: संध्याकाळनंतर उजेड हवा, मुलींना निवांत बसायला जागा हवी, चाकाची खुर्ची आत येईल असं फाटक हवं. फोटो निघतात, चिठ्ठ्या पाकिटात जातात आणि काही महिन्यांनी अहवालात ओळ येते: ‘तरुणांच्या सहभागातून आराखडा तयार केला.’

ही ओळ खरी नाही. त्या दुपारी तरुणांचं मत घेतलं गेलं, एवढंच. आपल्या भाषेत हा घोळ सहज होतो, कारण ‘सहभागी झाले’ हे आपण कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाबद्दल म्हणतो. हजेरी लावली की सहभाग झाला. पण त्या शब्दात ‘भाग’ आहे, म्हणजे वाटा. मैदानाबाबतच्या निर्णयातला कोणता वाटा त्या तीस जणांच्या हाती आला, हे सांगता येत नसेल तर तो शब्द वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

अभ्यासकांमध्येही या दोहोंच्या सीमेवर एकमत नाही. १९६९ साली शेरी अर्नस्टीन यांनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात ‘सल्ला घेणं’ चौथ्या पायरीवर आहे आणि ती पायरी त्यांनी नावापुरत्या सहभागात टाकली: लोकांना बोलायची मुभा मिळते, पण बोललेलं मानलं जाईल याची हमी नसते. खरी सत्ता सुरू होते सहाव्या पायरीवर, भागीदारीपासून. पुढे १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागावर लिहिताना शिडीची ही कल्पना उचलली. पायऱ्या आठच ठेवल्या, पण ‘सल्ला घेतला आणि माहिती दिली’ ही पाचवी पायरी त्यांनी खऱ्या सहभागात धरली. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं, या तळाच्या तीन पायऱ्यांना मात्र त्यांनी सहभाग मानलं नाही.

म्हणजे एकाच कृतीला एका शिडीवर नावापुरतं म्हटलं आहे आणि दुसरीवर खरं. हा विरोध वाटतो तेवढा मोठा नाही. हार्ट यांची अट अशी की काम मोठ्यांनी आखलं आणि चालवलं तरी मुलांना ते नीट समजलेलं असावं आणि त्यांची मतं गांभीर्यानं घेतली जावीत. ही अट पाळली तर मत घेण्यालाही वजन येतं. चिठ्ठ्यांच्या दुपारी ती पाळली गेली नव्हती. मैदानासाठी पैसे किती आहेत, कुठल्या गोष्टी आधीच ठरल्या आहेत आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर मी पहिल्यांदा तारीख बघते. तरुणांना बोलावलं त्या दिवशी काय काय ठरायचं बाकी होतं? मैदानाच्या कामात निर्णय एका क्रमानं होतात. जागा कोणती, खर्च किती, प्रवेश कोणत्या बाजूनं, पाण्याचा निचरा कुठे, खेळाला किती जागा आणि बसायला किती, मग निविदा, मग ठेकेदार. निविदा निघाल्यावर उरतो तो बाकांचा रंग. त्या टप्प्यावर शंभर मुलांना बोलावलं, अगदी मनापासून बोलावलं, तरी त्यांच्या हातात रंगाखेरीज काही पडत नाही. याउलट प्रवेशाची बाजू ठरण्याआधी पाचच जण बसले असते, तर मैदानाला दुसऱ्या बाजूनं, वर्दळीच्या रस्त्याकडून वाट ठेवली गेली असती. अंधाऱ्या गल्लीतून यायला नको म्हणून मुली संध्याकाळी घरी थांबतात, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. अशी वाट नंतर काढायची तर भिंत फोडावी लागते.

दुसरी खूण पैशाची. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरानं १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं: कोणत्या कामांवर आधी पैसे खर्च व्हावेत हे रहिवासी ठरवू लागले. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरानं २०१४ मध्ये तीच पद्धत तरुणांसाठी वापरली. शहराच्या भांडवली खर्चातले दहा लाख डॉलर बाजूला ठेवले आणि १२ ते २५ वयाच्या तरुणांना त्याचं काय करायचं ते मतदानानं ठरवू दिलं. सूचना गोळा झाल्या, तरुणांच्या गटांनी शहराच्या अधिकाऱ्यांसोबत बसून त्यांचे खर्चासह प्रस्ताव बनवले आणि मग मतदान झालं. शहराच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम फार लहान आहे. तरी ज्यांच्यातल्या काहींना निवडणुकीत मत द्यायला अजून पाच-सहा वर्षं होती, त्यांच्या मतानं रक्कम हलली. इथे ‘सहभाग’ हा शब्द मी न अडखळता वापरेन.

बालहक्क संहितेचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या कराराचा, या चर्चेत नेहमी दाखला दिला जातो. तिचं बारावं कलम म्हणतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडायचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिलं गेलं पाहिजे. बरेच जण वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये नेमकं हेच दाखवलं आणि या कलमाच्या चार गरजा मांडल्या: मत बनवायला सुरक्षित अवकाश, ते मांडायला आवाज, ऐकायला योग्य श्रोता आणि त्याचा परिणाम. मत घेण्याचे बहुतेक कार्यक्रम पहिल्या दोन गोष्टींत छान असतात. तिसरीत ते कोसळतात, कारण चिठ्ठ्या वाचणारा माणूस आणि आराखड्यावर सही करणारा माणूस वेगळे असतात आणि त्यांची गाठच पडत नाही.

परिणाम म्हणजे प्रत्येक मागणी मान्य होणं, असा अर्थ कुणी काढू नये. वाटा असलेल्या माणसाला नकारही मिळतो, पण कारणासह. ‘दिवे रात्री दहापर्यंतच ठेवता येतील, कारण शेजारच्या इमारतीत झोपायची वेळ आहे, अकराची गरज कुणाला आहे ते सांगा, पुन्हा बोलू.’ असं उत्तर आलं की संभाषण पुढे जातं. उत्तरच आलं नाही तर पुढच्या वेळी बोलावल्यावर मुलं येत नाहीत आणि मग ‘तरुणांना रसच नाही’ असा निष्कर्ष निघतो. मला याचा फार त्रास होतो. रस होता, त्याला उत्तर मिळालं नाही.

आता सर्वसमावेशकतेकडे, कारण खरी अडचण इथे आहे. मत घेण्याचं यश बहुधा संख्येत मोजतात: किती आले, किती अर्ज भरले. पण शहरातली जागा ज्याला बाहेर ठेवते, तो त्या जागेबद्दलच्या बैठकीतही नसतो. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात उद्यानांची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली उद्यानात येणं झपाट्यानं कमी होतं आणि मुलगे मात्र येत राहतात. मोठी मोकळी जागा चेंडू खेळणाऱ्या मुलग्यांच्या ताब्यात जायची आणि मुली माघार घ्यायच्या. मग १९९९ च्या सुमारास दोन उद्यानं बदलली गेली. मोठ्या जागेचे छोटे भाग केले, पायवाटा सुधारल्या, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. आधीच्या काळात उद्यानात उभं राहून हजर असलेल्यांना ‘काय हवंय?’ विचारलं असतं, तर बहुतेक उत्तरं आणखी मोठ्या मैदानाची आली असती.

म्हणून वाटा द्यायचा असेल तर गैरहजर असलेल्यांपासून सुरुवात करावी लागते. कामावर जाणारा सतरा वर्षांचा मुलगा दुपारच्या बैठकीला येऊ शकत नाही. कर्णबधिर मुलीला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. लेखी भाषेत अडखळणाऱ्याला चिठ्ठी नको, कागदी प्रतिकृती किंवा खेळ हवा. यूएन-हॅबिटाट ही संयुक्त राष्ट्रांची शहरं आणि वस्त्यांसाठीची संस्था २०१२ पासून माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग बांधायच्या संगणकावरच्या खेळातून सार्वजनिक जागांचे आराखडे लोकांकडून बनवून घेत आहे. ज्यांनी कधी नकाशा वाचलेला नाही, तेही तिथे भिंत हलवून बघू शकतात. ते साधन मला आवडतं. तरी खेळात बांधलेली भिंत प्रत्यक्ष आराखड्यात कुणी उतरवली नाही, तर ते आकर्षक पद्धतीनं घेतलेलं मतच राहतं.

एवढं सगळं असूनही मत घेणं कमी दर्जाचं नाही. थांब्यावरच्या फलकाचा आकार, वाचनालयाची वेळ, पदपथावरचे खड्डे, अशा बाबतीत झटपट मतं घेऊन काम करणं योग्यच. प्रत्येक गोष्टीसाठी तरुणांनी महिनोन्‌महिने समितीत बसावं, ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. त्यांना अभ्यास आहे, काम आहे, घर आहे. हार्ट यांनीही कधी म्हटलं नाही की सतत वरच्या पायरीवरच असावं. फक्त मत घेत असू तर तसं आधी सांगावं.

वाटा देण्यातली एक अडचण मात्र मत घेण्यात येतच नाही. मैदान पूर्ण व्हायला चार-पाच वर्षं लागतात. सोळाव्या वर्षी समितीत बसलेली मुलगी तोवर एकविसाची झालेली असते, कदाचित दुसऱ्या गावी शिकत असते. तिची जागा रिकामी झाली की निर्णय पुन्हा मोठ्यांकडे सरकतात, कुणाचा वाईट हेतू नसतानाही. ज्या गटांना हे उमगलं, ते दरवर्षी दोन नवे जण घेतात, जुने वर्षभर त्यांच्यासोबत बसतात आणि काय मागितलं, काय नाकारलं, कुठल्या कारणानं, याची साध्या भाषेतली वही पुढच्यांच्या हाती देतात. प्रवेश वर्दळीच्या रस्त्याकडून का ठेवला, हे अशा वहीत लिहिलेलं असेल, तर खर्च कमी करायच्या बैठकीत कुणी ती वाट बंद करायला निघाला, की अठरा वर्षांचा एखादा नवा सदस्य वही उघडून ते पान पुढे करू शकतो.