मिठाचा रेणू असतो कुठे?

जाड्या मिठाचा खडा हातोडीखाली ठेवला, तर एका घावात त्याचा चुरा होतो. त्याच हातोडीने तांब्याचा तुकडा ठोकला, तर तो पसरतो, पातळ होतो, पण फुटत नाही. पुण्याच्या तांबट आळीतला सगळा धंदा तांब्याच्या या एका गुणावर उभा राहिला. अणू दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे ते एकमेकांना घट्ट धरूनच आहेत. मग एक फुटतो आणि दुसरा वाकतो, हे का?

आधी मीठ घेऊ. शाळेत सांगतात ते साधारण असं: सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनच्या कवचात एकाची उणीव. सोडियम देतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं आणि झाला आयनिक बंध. पेपरात एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण ऊर्जेचा हिशेब मांडला की ही गोष्ट लंगडी पडते.

सोडियम आपला इलेक्ट्रॉन राजीखुशीने मुळीच देत नाही. २३ ग्रॅम सोडियमच्या सुट्या अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंना दिले, तर परत मिळतात जेमतेम ३४९. म्हणजे देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटाच. शिवाय त्याआधी धातूतून सोडियमचे अणू सुटे करायला सुमारे १०७ आणि क्लोरीनच्या जोड्या फोडायला सुमारे १२१ लागलेले असतात. अष्टकाच्या ओढीने हा व्यवहार होत असता, तर जगात मीठ तयारच झालं नसतं.

तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीला. इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने धन आणि ऋण प्रभार आलेले अणू, म्हणजे आयन, जवळ येऊन स्फटिकात एकाआड एक बसतात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळी वजावट करून हाती उरतात सुमारे ४११, आणि सोडियम क्लोरीनमध्ये जळताना जी प्रखर पिवळी ज्योत दिसते ती या शिलकीतून येते. म्हणजे मिठाला टिकवून धरतो तो एका सोडियमचा एका क्लोरीनशी झालेला करार नव्हे, तर अख्ख्या स्फटिकाची मांडणी.

ही मांडणी १९१३ साली क्ष-किरणांच्या मदतीने लॉरेन्स ब्रॅग या तेवीस वर्षांच्या तरुणाने उलगडली. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचे आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. यातला कोणता क्लोराइड कोणत्या सोडियमचा, हे ठरवायला काही मार्गच नाही. तेव्हा NaCl लिहितो तो रेणू कुठे आहे? मिठाच्या खड्यात तो नाहीच. ते सूत्र फक्त प्रमाण सांगतं. मीठ खूप तापवून त्याची वाफ केली, तर तिच्यात सुट्या जोड्या सापडतात, पण तेवढ्यापुरत्याच.

जुन्या पठडीतल्या रसायनशास्त्रज्ञांना हे पचलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या ऐंशीला टेकलेल्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १९२७ साली ‘नेचर’मध्ये रागारागाने पत्र लिहिलं. मीठ म्हणजे बुद्धिबळाचा पट, ही कल्पनाच त्याला हास्यास्पद वाटली. हे रसायनशास्त्रातलं क्रिकेट नव्हे, म्हणजे हा सरळ खेळ नव्हे, असा त्याचा सूर होता. चूक त्याची होती, पण अस्वस्थता समजण्यासारखी आहे. पदार्थ म्हटला की रेणू, ही सवय आपलीही आजवर सुटलेली नाही.

आता हातोडी. घाव बसला की आयनांचा एक थर दुसऱ्यावरून एका घराने सरकतो, सोडियमसमोर सोडियम आणि क्लोराइडसमोर क्लोराइड येतो, दोन्ही थर एकमेकांना ढकलतात आणि खडा सपाट चिरतो. हे स्पष्टीकरण सगळीकडे मिळतं आणि ते बरंचसं बरोबरही आहे. अगदी पुरतं मात्र नाही. काही तिरप्या दिशांनी थर सरकले, तर सारखे प्रभार समोरासमोर न येता नवी मांडणी जुळते. म्हणून तापलेलं मीठ हळूहळू दाबलं तर वाकतंसुद्धा. इराणच्या झाग्रोस डोंगरात जमिनीखालून वर आलेलं मीठ हिमनदीसारखं उतारावरून सरकताना दिसतं. पण अशा वाटा मोजक्याच असल्याने, घावाच्या घाईत खड्याला हवा तो आकार घेता येत नाही. तो फुटतो.

आयन जागेवर खिळलेले, म्हणून कोरडं मीठ वीज वाहत नाही. ८०१ अंश सेल्सियसला ते वितळलं की आयन मोकळे होतात आणि वीज वाहू लागते. पाणी हेच काम थंडपणे करतं: प्रभारांमधली ओढ पाण्यात सुमारे ऐंशी पटींनी कमी होते आणि पाण्याचे रेणू एकेका आयनाला वेढून घेतात. पेण-उरणकडच्या मिठागरांत ऊन नेमकं उलटं करतं. पाणी उडून गेलं की आयन पुन्हा चौकोनी शिस्तीत बसतात. प्रभार दुप्पट असले, तर पकड कितीतरी वाढते. मॅग्नेशियम ऑक्साइड २८०० अंशांच्या पुढे वितळतं. पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्याच विटा लावतात.

मग क्लोरीन आसपास नसेल, नुसताच सोडियम असेल, तर? प्रत्येक अणूकडे एक सैल इलेक्ट्रॉन आहे, पण घेणारा कोणीच नाही. घन सोडियममध्ये प्रत्येक अणूला आठ शेजारी असतात, आणि एका इलेक्ट्रॉनमध्ये आठ जणांशी वेगवेगळे बंध जोडणं शक्य नाही. त्यामुळे कोणाचाच इलेक्ट्रॉन कोणा एकाचा राहत नाही. सगळे मिळून अख्ख्या तुकड्यात पसरतात. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा जास्त मिळाली की त्याची ऊर्जा उतरते, हा पुंजभौतिकीचा नियम आहे, आणि या उतरलेल्या ऊर्जेतच धातुबंधाचं बळ आहे. मुक्त इलेक्ट्रॉनांचं हे चित्र पॉल ड्रूडे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०० साली मांडलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. पुढे १९१६ मध्ये टोलमन आणि स्ट्यूअर्ट यांनी तारेचं वेटोळं जोरात फिरवून एकदम थांबवलं. बस थांबल्यावर उभे प्रवासी पुढे झुकतात, तसे तारेतले इलेक्ट्रॉन पुढे गेले आणि क्षणभर वीज वाहिली. धातूत वाहणारं काय आहे, याचा हा सरळ पुरावा होता.

पकड नेहमीच घट्ट असते असं नाही. सोडियम सुरीने कापता येतो आणि ९८ अंशांना वितळतो; टंगस्टनला त्यासाठी ३४२२ अंश लागतात, कारण तिथे प्रत्येक अणूचे बरेच जास्त इलेक्ट्रॉन बंधात भाग घेतात.

तांब्यात एका अणूला बारा शेजारी. थर सरकला, तरी प्रत्येक अणूला पुन्हा तसेच बारा शेजारी मिळतात आणि इलेक्ट्रॉन सगळीकडे असतातच, त्यामुळे ढकलाढकली होत नाही. सरकण्याच्या दिशाही भरपूर. तरी एक कोडं उरलं होतं. अख्खा थर एकदम सरकवायला जेवढा जोर लागेल असं गणित सांगत होतं, त्याच्या कितीतरी पट कमी जोरात शुद्ध तांबं वाकत होतं. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं: थर एकदम सरकतच नाही. स्फटिकाच्या मांडणीत जागोजागी दोष असतात आणि असा एकेक दोष पुढे सरकत जातो, म्हणजे एका वेळी अणूंची एकच ओळ जागा बदलते.

तांबटाच्या ठोक्यांत हे दोष हलतात, शिवाय वाढतातही. वाढले की एकमेकांत अडकतात, आणि पत्रा कडक होत जातो. तसाच ठोकत राहिलं तर तांब्यालाही शेवटी चीर जाते. म्हणून मधूनमधून पत्रा भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात. तांबं वितळतं १०८५ अंशांना, पण त्याच्या खूप आधीच अणू नव्याने मांडले जातात, गुंता सुटतो आणि पत्रा पुन्हा नरम पडतो. घडण पूर्ण झाल्यावर भांड्यावर जे मठारकाम करतात, त्या ओळीने बसलेल्या ठोक्यांच्या खुणा आपल्याला नक्षी म्हणून आवडतात. तांबटाला मात्र त्या ठोक्यांतून भांड्याचा कडकपणा हवा असतो, आणि तो येतो या अडकलेल्या दोषांमुळेच.