गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट कोण मोजणार?

‘एआयने कॅन्सर ओळखला, आता बायोप्सी नको’ अशा अर्थाचे संदेश व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असतात. स्तनाच्या कॅन्सरवर डीप लर्निंगचं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयचं, मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम मात्र बायोप्सीच्याच स्लाइडवर, म्हणजे गाठीच्या तुकड्याचा पातळ काप ठेवलेल्या काचपट्टीवर, चाललं आहे. कॅन्सर आहे की नाही, हे ती स्लाइड पाहून पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे ऊती तपासणाऱ्या डॉक्टरांना, कळलेलंच असतं. पुढचा प्रश्न असा, की शरीराने या गाठीची दखल घेतली आहे का?

घेतली असेल तर लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, रक्तातून बाहेर पडून गाठीत शिरतात. अशा गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटना डॉक्टर ‘टिल्स’ म्हणतात. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या कॅन्सरमध्ये त्यांना फार महत्त्व आहे. या प्रकारात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्यांना पकडणारी पेशीतली प्रथिनं, नसतात, हर-२ हे प्रथिनही वाढलेलं नसतं. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि आजार उलटण्याची भीती जास्त.

जामा या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरच्या १,९६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, काहींना रेडिएशनही मिळालं होतं, पण केमो कुणालाच दिलेली नव्हती. पहिल्या स्टेजच्या ज्या रुग्णांत टिल्स ५० टक्के किंवा अधिक होते, त्यांच्यात पाच वर्षं दूरच्या अवयवांत आजार न पसरता जगण्याचं प्रमाण ९४ टक्के निघालं. टिल्स ३० टक्क्यांहून कमी असलेल्यांत ते ७८ टक्के होतं. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे, त्यामुळे तो वाचून कुणी आपली केमो थांबवू नये. पण फरक केवढा आहे, ते पाहा.

ही टक्केवारी कशाची? गाठीत कॅन्सरपेशींचे पुंजके असतात आणि त्यांच्यामध्ये आधार देणारी तंतुमय ऊती असते, तिला स्ट्रोमा म्हणतात. स्ट्रोमाचं किती क्षेत्र लिम्फोसाइटसारख्या पेशींनी व्यापलंय, ते पॅथॉलॉजिस्ट नजरेने ठरवतात. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. तरीही एकाच स्लाइडवर एक जण ३० म्हणतो, दुसरा ५०. वरच्या अभ्यासातल्या गटांच्या सीमा नेमक्या याच आकड्यांवर आहेत! इथे संगणकाची गरज लागते.

स्लाइड हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवतात. पहिल्याने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी. मग स्कॅनर तिचं डिजिटल चित्र करतो. एक पिक्सेल पाव मायक्रोमीटरचा धरला, तर दीड सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याचे ३६० कोटी पिक्सेल होतात. लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण सात मायक्रोमीटरचं, म्हणजे जेमतेम २८ पिक्सेल रुंद. ते गोल, गडद असतं आणि त्याच्याभोवती गुलाबी भाग जवळजवळ नसतोच.

असा ठिपका सुटा असेल तर तो ओळखणं न्यूरल नेटवर्कला, म्हणजे डीप लर्निंगच्या प्रोग्रॅमला, कठीण नाही. पण लिम्फोसाइट ताटलीत सांडलेल्या मोहरीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. ‘हा पिक्सेल केंद्रकातला की बाहेरचा?’ एवढंच नेटवर्कला विचारलं, तर चाळीस पेशींचा एकच मोठा डाग हाती येतो आणि मोजणी तिथेच बिघडते.

यावरचा एक सुंदर उपाय २०१७ साली भारतातून आला. तेव्हा आयआयटी गुवाहाटीत असलेले आणि आता पवईला आयआयटी मुंबईत असलेले अमित सेठी आणि त्यांचे सहकारी यांनी नेटवर्कला दोनऐवजी तीन पर्याय दिले: आत, बाहेर आणि कडेवर. कड हा स्वतंत्र वर्ग झाला की दोन केंद्रकांमधली अस्पष्ट रेषाही नेटवर्क शिकतं. त्यासाठी त्यांनी सात अवयवांच्या ३० चित्रांमधल्या २१ हजारांहून अधिक केंद्रकांच्या कडा हाताने आखून घेतल्या आणि तो साठा जगभरच्या संशोधकांना खुला केला.

ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठात तयार झालेल्या हॉव्हर-नेट या नेटवर्कची युक्ती (२०१९) मला त्याहूनही आवडते. तिथे नेटवर्क प्रत्येक पिक्सेलसाठी दोन अंतरं सांगतं: आपल्या केंद्रकाच्या मध्यापासून तो किती डावी-उजवीकडे आहे आणि किती वर-खाली. डाव्या टोकाला उणे एक, मध्यावर शून्य, उजव्या टोकाला अधिक एक. आता दोन चिकटलेल्या केंद्रकांवरून डावीकडून उजवीकडे जा. आकडा उणे एकपासून हळूहळू अधिक एकपर्यंत चढतो आणि दुसऱ्या केंद्रकात पाऊल पडताच धाडकन पुन्हा उणे एकवर येतो. रंगात कड दिसत नसली, तरी आकड्यांत हा कडा स्पष्ट उभा राहतो. गणिताच्या भाषेत, अंतराच्या नकाशाचा उतार काढायचा आणि तो जिथे तीव्र असेल तिथे पेशी वेगळ्या करायच्या. त्याच वेळी नेटवर्कची दुसरी शाखा केंद्रकाचा प्रकारही ठरवते.

केंद्रकं सुटी झाली की टक्केवारीच्या पलीकडचे प्रश्न विचारता येतात. लिम्फोसाइट कॅन्सरपेशींच्या पुंजक्यात शिरल्यात की कडेलाच अडल्यात? सगळीकडे विखुरल्यात की एकाच कोपऱ्यात दाटल्यात? डोळ्यांनी हे सबंध स्लाइडभर मोजणं अशक्यच.

या सगळ्याला कच्चा माल लागतो तो ऊतीचा तुकडा. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर चवताळतो’ या समजुतीपायी आपल्याकडे कितीतरी बायका महिनोन्‌महिने तपासणी टाळतात, आणि पहिल्या स्टेजमध्ये सापडू शकणारी गाठ तिसऱ्या स्टेजला पोचते. सुईने कॅन्सर चवताळत नाही. उशीर मात्र जीव घेतो.

अडचण एक उरते, आणि ती आपल्यासाठी मोठी आहे. रंगाची छटा, कापाची जाडी आणि स्कॅनर प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळे असतात. एका ठिकाणच्या स्लाइडवर शिकलेलं नेटवर्क दुसरीकडे फिकट लिम्फोसाइट सोडून देतं, किंवा गडद झालेल्या कॅन्सरपेशींनाच लिम्फोसाइट समजतं. ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात जास्त आहे. म्हणून परदेशात तयार झालेलं सॉफ्टवेअर आपल्या रुग्णालयात बसवण्याआधी ते इथल्याच स्लाइडवर, इथल्याच पॅथॉलॉजिस्टच्या मोजणीशी ताडून पाहायला हवं.