तुमच्या सर्व्हरवरचा ‘सॅक’ पुन्हा चालू करायचा आहे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि सोलापूर शहरात ज्यांच्याकडे आम्ही बसवलेला लिनक्स सर्व्हर आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. ज्यांच्याकडे फक्त विंडोज आहे त्यांचा या पत्रकाशी संबंध नाही.

टॉवेलचे दहा गठ्ठे ट्रान्सपोर्टने पाठवले आणि चौथा वाटेत राहिला, तर समोरचा व्यापारी फोन करतो, “चौथा सोडून बाकीचे मिळाले.” मग तुम्ही तेवढा चौथाच पाठवता. नेटवर्कवरून माहितीचे तुकडे जातात तेव्हा समोरचे मशीन असाच निरोप देते. हाच सॅक. 1996 पासूनची ही सोय, आणि चांगलीच आहे.

जून 2019 मध्ये नेटफ्लिक्सच्या एका अभियंत्याने लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, यासंबंधीची खोट उघड केली. बाहेरच्याने ‘मला अगदी बारीक तुकडे पाठवा’ असे सांगायचे, एकात जेमतेम 8 बाइट माहिती. वर सॅकचे निरोप मुद्दाम वेडेवाकडे धाडायचे. तुकडे मोजायच्या खान्यात 65,535 पेक्षा मोठा आकडा मावत नाही, आणि इथे मोजणी 69,632 पर्यंत जाऊ शकते. हिशेब जुळेना म्हटल्यावर कर्नल सगळेच काम थांबवतो. गल्ल्यात फरक आला म्हणून थेट शटर ओढणाऱ्या मुनिमासारखा. यात डेटा चोरीला जात नाही, पण बिलिंग जागेवर थांबते. आणि हे करायला पासवर्डही लागत नाही.

दुरुस्ती लगेच आली. पण नवा कर्नल टाकला की मशीन रीस्टार्ट करावे लागते, आणि ऑर्डरींच्या गडबडीत काही ग्राहकांना ते जमणारे नव्हते. तिथे आम्ही सॅकच बंद केला. धोका टळला. पुढे तो चालू करायचा राहून गेला, ही चूक आमची. लाइन खराब असली की पोचलेले तुकडेही पुन्हा पाठवले जातात; रात्रीचा ऑनलाइन बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळतो, त्याला हेही कारण असू शकते.

आमचा माणूस येऊन आधी कर्नल तपासेल, मगच सॅक चालू करेल. तुम्ही स्वतः पाहणार असाल तर कर्नलच्या नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. मूळ लिनक्समध्ये ही दुरुस्ती 4.19.52 मध्ये आहे, पण उबंटू, डेबियन असे लिनक्सचे तयार प्रकार देणारे जुनाच आकडा ठेवून आतून दुरुस्ती करतात. शिवाय अपडेट होऊनही रीस्टार्ट झाले नसेल, तर जुनाच कर्नल चालू असतो.

रीस्टार्टच्या वेळी थोडा वेळ बिले निघणार नाहीत, म्हणून तुमच्या सुट्टीचा वार कळवा. याचे पैसे घेणार नाही.

सेंटओएस 7 (हाही लिनक्सचाच एक प्रकार) वाल्यांशी मात्र वेगळे बोलावे लागेल. ही खोट त्यात बुजलेली आहे, पण 30 जून 2024 पासून त्याला नव्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे.