कोॲक्सिअल केबलवरील घरगुती नेटवर्क : कोकणातील दोषशोधन

टीव्हीसाठी घरात ओढलेल्या कोॲक्सिअल केबलवरूनच घराच्या एका भागातून दुसऱ्या भागात इंटरनेट नेण्याची पद्धत. यासाठी सर्वांत प्रचलित तंत्र म्हणजे ‘मोका’. २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स’ या उद्योगसंघाने ते घडवले. राउटरजवळ एक अडॅप्टर, दूरच्या खोलीत दुसरा आणि मध्ये केबल, एवढीच मांडणी असते. एका जाळ्यात सोळापर्यंत अडॅप्टर बसतात. २०१६ च्या मोका २.५ या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला अडीच गिगाबिट आहे.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जुन्या घरांना ही पद्धत सोयीची पडते, याचे कारण भिंती. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत वायफाय बऱ्यापैकी खाऊन टाकते आणि पावसाळ्यात चिरा ओल धरतो तेव्हा तर जास्तच. फायबर ओटीवर येऊन थांबतो, राउटर तिथेच खुंटीला टांगला जातो आणि माजघर ओलांडून मागच्या पडवीत किंवा माडीवर नेट पोचत नाही. गणपतीला आलेला चाकरमानी माडीवर लॅपटॉप उघडून बसला की हा प्रश्न घरभर गाजतो. केबल टीव्हीच्या काळात ओढलेली वायर मात्र बहुतेक घरांत अजून भिंतीला खिळलेली असते. डीटीएच आल्यावर तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

दोष शोधताना सर्वाधिक फसवणारा युक्तिवाद मालवणीत असा ऐकू येतो : ‘टीव्ही बरो दिसता, मगे वायरीक काय धाड भरली?’ केबल टीव्हीचे सिग्नल साधारण ८६२ मेगाहर्ट्झच्या आत असतात. मोकाचा नेहमीचा पट्टा मात्र ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ. वारंवारता वाढली की केबलमधली गळतीही वाढते. आरजी-६ जातीच्या केबलमध्ये १ गिगाहर्ट्झला तीस मीटरमागे सहा-सात डेसिबल जातात, तर जुन्या, बारीक आरजी-५९ मध्ये त्याहून जास्त. ज्या सांध्यातून टीव्हीचे चित्र स्वच्छ येते, त्याच सांध्यात मोका गुदमरू शकतो. म्हणून टीव्हीचा दाखला इथे चालत नाही.

डिश असलेल्या घरात आणखी एक अडचण येते. छतावरच्या एलएनबीपासून (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) सेटटॉप बॉक्सपर्यंत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल उतरतो. म्हणजे मोकाच्या पट्ट्यावर तो सरळ बसतो. शिवाय बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट डीसी वर पाठवतो. डिशच्या चालू वायरीत साधा मोका अडॅप्टर घातला तर टीव्ही आणि नेट दोन्ही बिघडतात, अडॅप्टर जळण्याचीही भीती असते. ८५० मेगाहर्ट्झच्या खाली चालणारे अडॅप्टर अशा घरांसाठी असतात, पण ते सहज हाती लागत नाहीत. डिशची वायर डिशला सोडून केबल टीव्हीची जुनी वायर नेटला घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

तपासणी टेबलावरून सुरू करावी, शिडीवरून नव्हे. दोन्ही अडॅप्टर शेजारी ठेवून हातभर चांगल्या केबलने जोडावेत. इथे कोॲक्सचा दिवा लागला तर उपकरणे धडधाकट आहेत आणि रोग वायरीत आहे. इथेही लागला नाही तर दोघांचा पासवर्ड जुळतो का ते पाहावे. जुने अडॅप्टर विकत घेतले असतील तर आधीच्या मालकाची सेटिंग तशीच राहिलेली असते, दोन्हींना रीसेट मारला की काम होते. त्यानंतर घरातली वायर मधोमध, म्हणजे बहुधा स्प्लिटरपाशी (एका वायरीच्या अनेक फाटे करणारी डबी), सोडवून एकेक अर्धा भाग तपासत जावे. अडॅप्टरच्या स्टेटस पानावर दोन टोकांमधला फिजिकल दर, म्हणजे केबलवरचा कच्चा वेग दिसतो; प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाहून तो नेहमी जास्त असतो. मोका २.५ मध्ये तो ३,००० मेगाबिटच्या वर असेल तर केबलवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. तो हजाराच्या आसपास लटकत असेल तर सांधे उघडायला घ्यावेत.

वेग नेमका ९४ मेगाबिटच्या आसपास अडकला असेल तर कोॲक्सला हात लावू नये. हा आकडा शंभर मेगाबिटच्या इथरनेटचा आहे. राउटर ते अडॅप्टर ही लहान पॅच केबल खराब असते, नाहीतर कोणत्या तरी उपकरणाचा पोर्ट जुना असतो. उलट, अडॅप्टर लावताच घरातले सगळेच नेट बसले, तर तीच दोन टोके इथरनेटनेही जोडली गेली आहेत का ते पाहावे. असा फेरा तयार झाला की डेटा गोल फिरत राहतो आणि दोष राउटरच्या माथी मारला जातो.

कोकणातले बरेच दोष मात्र वळचणीला सापडतात. केबलवाल्याने कधीकाळी दोन वायरी सोलून, तारांना पीळ देऊन वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. पट्टी उलगडली की हाताला डिंकासारखे चिकटते, मधल्या तारेभोवतीच्या जाळीच्या बारीक तारांवर हिरवट भुकटी दिसते आणि मधली पिन काळी पडलेली असते. खारा वारा आणि पागोळ्यांचे पाणी यांचा हा संयुक्त उद्योग. पाणी जाळीतून आत ओढले जाते आणि केबलचा ७५ ओहमचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा ठरावीक विरोध) त्या जागी बिघडतो. मेमध्ये चाललेले जाळे जूनमध्ये तुटू लागते आणि दिवाळीला वायर सुकली तरी पूर्ववत होत नाही, कारण गंज तिथेच राहतो. असा तुकडा पुसून वापरण्यात अर्थ नसतो. आत चकचकीत तांबे आणि शुभ्र फोम दिसेपर्यंत वायर मागे कापत जावे. मग दाबून बसणारा कॉम्प्रेशन एफ-कनेक्टर लावावा, आट्यांवर फिरवून बसवायचा स्वस्त कनेक्टर नको. जाळीची एकही तार मधल्या पिनेला टेकता कामा नये. मल्टिमीटरने पिन व जाळी यांत जोड दिसत नसेल तर ठीक, पण त्याआधी दोन्ही टोके मोकळी करावीत. वायर भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी झोळावरून गळून जाते.

स्प्लिटरवर छापलेला पट्टा वाचावा. ५ ते १००० मेगाहर्ट्झवाला चालेलच असे नाही, ५ ते १६७५ चा हवा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डेसिबल खातो, चार तोंडांचा सात-आठ. गरजेपुरताच लहान ठेवावा आणि रिकाम्या तोंडावर ७५ ओहमची टर्मिनेटर टोपी घालावी. केबल टीव्हीचा बूस्टर मध्ये बसला असेल तर तो मोकाला अडवतो, तो बाजूला काढावा. केबल टीव्ही चालू ठेवायचा असेल तर बाहेरून येणाऱ्या वायरीवर मोका फिल्टर लागतो. त्याने सिग्नल घरात परततो आणि शेजाऱ्याकडे जात नाही. बाहेरची वायर तोडलेलीच असेल तर त्याची गरज नाही.

निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनंतर माडावरून माडावर टाकलेल्या कित्येक वायरी हाती लागेल तशा जोडल्या गेल्या. घर आणि मांगर (शेतीचे सामान ठेवायची बाजूची इमारत) वेगळे असतील, तर मांगरापर्यंतची उघडी वायर आधी संशयित धरावी. उंदीर माळ्यावरची वायर कुरतडतात तो आणखी निराळा त्रास. विजांच्या दिवसांत बाहेरून येणारी कोणतीही कोॲक्स अडॅप्टरपासून सोडवून ठेवणे बरे, कारण कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही.

वायरच आरजी-५९ ची आणि भिंतीत गाडलेली असेल, तर जी.एचएन या, घरातल्या तारांवरून नेट नेणाऱ्या दुसऱ्या तंत्राचे कोॲक्स अडॅप्टर हा पर्याय उरतो. ते २०० मेगाहर्ट्झच्या खाली चालतात, त्यामुळे जुन्या वायरीतली गळती त्यांना कमी जाणवते. मात्र त्या वायरीवर केबल टीव्ही चालू असता कामा नये, कारण दोघांचा पट्टा एकमेकांवर येतो.