अंगणात कारंजं बसवण्याआधी हे वाचा

एप्रिल लागला की नागपुरातले ग्राहक विचारायला लागतात, "कारंजं लावलं तर अंगण गार होईल का?" होईल, पण नुसत्या पाण्याने नाही. दुपारी अंगाची लाही होते ती थेट उन्हाने आणि तापलेल्या फरशी-भिंतींच्या झळांनी. म्हणून आधी सावली करा. कडुनिंब असेल तर उत्तमच, नाहीतर मांडव घाला किंवा हिरवी नेट बांधा. उघड्या उन्हातल्या अंगणासाठी आम्ही कारंज्याचं काम घेत नाही.

पाण्याचं काम सावलीनंतर सुरू होतं. मे महिन्यात पारा 44 अंशांवर आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते. अशा कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि एका लिटरची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून गार वारा येतो तो यामुळेच. उघड्या अंगणात मात्र वारा गारवा वाहून नेतो, त्यामुळे खोलीतल्या कूलरइतकी अपेक्षा ठेवू नका.

शोभेचं मोठं टाकं बांधण्यात पैसे घालवू नका, असंच आम्ही सांगू. साचलेलं पाणी दिवसभर तापतं आणि रात्री ऊब सोडत बसतं. थेंब जितके बारीक तितकं पाणी लवकर उडतं, म्हणून गारव्यासाठी बारीक तुषारांचा फवारा बरा. वारा येतो त्या बाजूला नोझल लावा आणि बसायची जागा त्याच्यापुढे, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो.

बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलच्या बारीक भोकात साचतात. पांढरा थर दिसला की नोझल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घाला. फवाऱ्याचे तुषार श्वासातून आत जातात, तेव्हा पाणी स्वच्छच हवं, टाकीत दिवसेंदिवस पडून राहिलेलं नको. कारंज्याचं कुंड आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील. पावसाळ्यात फवारा बंद ठेवा. दमट हवेत पाणी उडत नाही, अंग नुसतं चिकट होतं.

ताशी 5 लिटरची 10 नोझल 3 तास चालली की 150 लिटर पाणी जातं. घरी टँकर येत असेल तर फवारा घेऊच नका. मांडवाच्या पश्चिमेला वाळ्याची ताटी बांधा आणि वाळत आली की पाणी मारा. तीही आम्ही मापाने बनवून देतो.