‘अभ्यासच व्हायला नाही’: हे मुलं चॅटबॉटला का सांगू लागली?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सुट्टीतही वर्ग भरवायचे, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घ्यायच्या. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली आणि उदगीर, अंबाजोगाई, परभणीपासून मुलं इथं खोल्या घेऊन राहू लागली. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला या पॅटर्नने डॉक्टर होण्याची वाट दाखवली, हे त्याचं मोठं देणं आहे. पण घरापासून दूर, दर आठवड्याला रँक लागणाऱ्या पोराचं मन सांभाळण्याची सोय त्यात नव्हती.

२०१६ मध्ये ताण आणखी वाढला. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा रद्द करणारा आपला २०१३चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिलला मागे घेतला आणि ‘नीट’ परत आली. त्याच आठवड्यात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. घरी विहीर आटलेली, इकडे क्लासची फी भरायची आणि परीक्षेचं स्वरूपच बदललेलं, अशा कात्रीत त्या वर्षीची मुलं सापडली. पुढे ७२० गुणांची एकच परीक्षा सगळं ठरवू लागली आणि ‘रिपीटर’च्या, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या, स्वतंत्र बॅचेस भरू लागल्या. रिपीटरचं अख्खं वर्ष एका दुपारवर टांगलेलं असतं.

अशा वेळी काही मुलं पुस्तक उघडतच नाहीत. सराव परीक्षेत फिजिक्सला कमी मार्क पडले की नेमकं फिजिक्सच मागे राहतं. घरचे म्हणतात आळशी झाला, क्लासवाले म्हणतात मोबाइल काढून घ्या. या निदानाबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण ते खोटं असल्याचं चाळीस वर्षांपूर्वीच दिसलं होतं. लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यास पुढे ढकलण्याची कारणं विचारली. त्यातून दोन मोठे गट निघाले: अपयशाची भीती आणि त्या कामाचा तिटकारा. पुढे २०१३ मध्ये फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी मांडलं की टाळाटाळ म्हणजे वाईट वाटण्यापासून घेतलेली तात्पुरती सुटका. नवं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ही भीती जात नाही. कशाची भीती वाटते ते कुणीतरी विचारावं लागतं.

विचारणारं यंत्र मात्र फार आधीच आलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा प्रोग्राम जगापुढे मांडला. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या धर्तीवर तो समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने काही वाक्यं टाइप केल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस यंत्रापुढे इतक्या चटकन मन मोकळं करतो हे पाहून ते हादरले आणि उरलेलं आयुष्य याच धोक्याबद्दल बोलत राहिले.

त्यानंतर मोठी हालचाल झाली ती २०१७ मध्ये. मानसिक आरोग्यासाठी बनवलेल्या ‘वोबॉट’ या चॅटबॉटची ७० तरुणांवर दोन आठवडे चाचणी झाली आणि बॉटशी बोलणाऱ्या गटातली नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. बेंगळुरूत उभं राहिलेलं ‘वायसा’ही याच काळातलं. या बॉट्सची उत्तरं बहुतांशी आधी लिहून ठेवलेली असत. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि ती चौकट मोडली. आता लातूरच्या ट्यूशन एरियातलं पोरगं रात्री रोमन अक्षरांत ‘अभ्यासच व्हायला नाही, लई टेन्शन यायलंय’ असं लिहितं आणि त्यालाही उत्तर येतं.

याचा एक उपयोग मला खरा वाटतो. ‘पुस्तक शेवटचं कधी मिटलंस? त्याआधी काय झालं होतं?’ असे प्रश्न बॉटने विचारले, की टाळाटाळ दर वेळी निकालानंतरच होते हे मुलाला स्वतःलाच दिसू शकतं. रँक विचारली जाणार नाही याची खात्री असते, म्हणून ते खरं लिहितं. पण बॉट हो ला हो करतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला अति गोडबोल्या झालेल्या मॉडेलचा एक बदल मागे घ्यावा लागला. ‘आज राहू दे, उद्या कर’ हेच ऐकायचं असलेल्या मुलाला असा सोबती घातक आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका १६ वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या पालकांनी चॅटजीपीटीला जबाबदार धरत याच कंपनीवर खटला भरला.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले, आणि त्यात कोचिंग क्लासेसही येतात. प्रवेश घेताना फीबरोबर हा समुपदेशक कुठे बसतो, कोणत्या वेळी भेटतो, हेही पालकांनी विचारावं. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, आणि तिथे माणूस मराठीत बोलतो.